टांगलेलं पान कधी हिरवंच वाळतं, कधी काळं पडतं: तंबाखूच्या सावलीतल्या वाळवणाचं दरवर्षीचं दुखणं

गेल्या आठवड्यात कागलहून चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला, थेट शेडमधून. "दादा, परत वाट लागली बघ." पान कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. कडेने पिवळं, शिरेजवळ तपकिरी आणि मधेमधे पोपटी हिरवे चट्टे. दोन वर्षांपूर्वी त्याचं बरोब्बर उलटं झालेलं, अवकाळी पाऊस आला, कापलेला माल भिजू नये म्हणून घाईघाईने शेडखाली दाटीवाटीने टांगला आणि आठ दिवसांत पानं काळपट, चिकट, कुबट वासाची झाली. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं हवा लागली नाही म्हणून सडलं, म्हणून यंदा त्याने चारी बाजू उघड्या ठेवल्या, भरपूर वारं खेळतं ठेवलं, तर आता हे. "मग करायचं तरी काय नेमकं?" असं त्याने विचारलं आणि त्याचा आवाज ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्याने कष्टात काहीच कमी केलेलं नव्हतं. म्हणून जे मला माहीत आहे ते सगळं एकदाच नीट लिहितो.

मी स्वतः निपाणी भागातला. आमच्याकडे बिडीचा तंबाखू, तो जानेवारी-फेब्रुवारीत कापायचा आणि शेतातच उन्हात पसरून उलटापालटा करत वाळवायचा, ही पद्धत पिढ्यान् पिढ्या बसलेली आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत. टांगून सावलीत वाळवणं हा दुसराच प्रकार. तो मी शिकलो अमेरिकेत केंटकी राज्यात, जिथे मी गेली काही वर्षं बर्ली नावाच्या, सावलीत टांगून वाळवायच्या तंबाखूच्या शेतावर काम करतो. इथे शेंडा खुडल्यावर तीन ते चार आठवड्यांनी अख्खं झाड बुडाशी कापतात, पाच-सहा झाडं एका लाकडी काठीत ओवतात, तीन-चार दिवस शेतातच कोमेजू देतात आणि मग उंच लाकडी बार्नमधे थरावर थर टांगतात. बार्नच्या भिंतींना उभ्या लांब झडपा असतात. आग नाही, भट्टी नाही. फक्त हवा आणि सहा ते आठ आठवडे. आणि इथेही हीच दोन दुखणी आहेत, हिरवं राहणं आणि काळं पडणं. सगळ्यात मुरलेले शेतकरीसुद्धा एखाद्या वर्षी फसतात, तेव्हा फक्त आपलाच माल बिघडतो असं मनात आणू नका.

पान अजून मेलेलं नाही

सगळा घोळ एका गैरसमजात आहे. आपण म्हणतो "वाळत घातलं". त्यामुळे डोक्यात कपडे वाळत घालण्याचं चित्र असतं, जितकं ऊन-वारं तितकं बरं. पण कापलेलं पान पुढचे कितीतरी दिवस जिवंत असतं, श्वास घेत असतं, आणि आपल्याला जो रंग, जो वास, जो मऊपणा पाहिजे तो सगळा ते मरायच्या आधी स्वतःच्या हाताने तयार करतं. पाणी काढणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम पानाच्या एन्झाइमचं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रोटीनचं, आहे आणि त्या एन्झाइमना पाणी लागतं, ऊब लागते आणि वेळ लागतो.

कैरीचं उदाहरण घ्या. कैरीच्या फोडी कडक उन्हात टाकल्या तर आंबोशी होते, आंबट ती आंबटच. तीच कैरी अढीत घातली तर आत स्टार्चची साखर होते, रंग उतरतो, वास सुटतो. फळ तेच, फक्त आतल्या एन्झाइमना काम करायला वेळ मिळाला की नाही एवढाच फरक. चुलतभावाने यंदा जे केलं ते आंबोशीचं काम होतं आणि अपेक्षा होती आंब्याची.

आता आत नेमकं काय चालतं ते सांगतो, कारण हे कळलं की पानाकडे बघूनच दोष ओळखता येतो.

झाडापासून तोडलं की पानाचा अन्नपाण्याचा मार्ग बंद. मग ते घरातलं साठवलेलं खायला लागतं. पहिलं जातं स्टार्च. ॲमायलेज नावाचे एन्झाइम स्टार्च तोडून साखर करतात आणि ती साखर पान श्वासात जाळतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन उडून जाते. म्हणून नीट क्युअर झालेल्या, म्हणजे वाळून-मुरून तयार झालेल्या, बर्लीत साखर जवळजवळ शून्य असते, एक टक्क्याच्याही आत. याच्या उलट हुणसूर-पिरियापट्टण भागातला भट्टीचा सिगारेट तंबाखू बघा, तिथे पान पिवळं झालं की लगेच तापमान वाढवत नेतात, पान मरतं, एन्झाइम थांबतात आणि साखर आतच कुलूपबंद होते, दहा-वीस टक्क्यांपर्यंत. ते काम पाच-सात दिवसांत उरकतं. हवेवरच्या वाळवणाला दीड-दोन महिने लागतात ते उगाच नाही.

स्टार्चबरोबर प्रोटीनही तुटायला लागतं. पानातलं सगळ्यात जास्त प्रोटीन म्हणजे रुबिस्को, उन्हात हवेतला कार्बन पकडणारं. पान अंधारात टांगल्यावर त्याचा उपयोग संपतो, मग प्रोटिएज एन्झाइम त्याचे तुकडे करून अमिनो आम्लं करतात, त्यातला नायट्रोजन ॲस्परॅजिन आणि अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. मॅलिक आम्ल कमी होतं, सायट्रिक वाढतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण मेलेल्या पानात हे होऊच शकत नाही, ती जिवंत पेशीचीच करणी आहे. या सगळ्या खाण्यात पानाचं सुकं वजन, म्हणजे पाणी सोडून जे उरतं त्यातलं, साधारण पंधरा ते वीस टक्के कमी होतं. वजन घटलं म्हणून घाबरू नका, एवढी घट म्हणजे क्युअरिंग झाल्याची खूण आहे.

त्याच दिवसांत क्लोरोफिल तुटतं. हिरवा रंग गेला की खाली आधीपासून असलेले कॅरोटिनॉइड दिसायला लागतात, म्हणून पान पिवळं "होत" नाही, पिवळं उघडं पडतं. बर्लीला इथे एक जन्मजात फायदा आहे. १८६४ साली ओहायोतल्या ब्राउन काउंटीत एका शेतावर काही रोपं फिकट, पांढुरकी निघाली, तीच पुढे व्हाइट बर्ली म्हणून पसरली, तिच्यात मुळातच क्लोरोफिल कमी. आपल्याकडचं जाड, गडद हिरवं पान टांगलंत तर त्याला पिवळं व्हायला जास्त दिवस द्यावे लागणार, हे डोक्यात ठेवा. केंटकीचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

मग पान मरायला लागतं, कडेकडून आत. पेशीच्या आतले पडदे ढिले होतात आणि इतके दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या दोन वस्तू एकत्र येतात: एका बाजूला क्लोरोजेनिक आम्ल आणि रुटिनसारखी पॉलिफेनॉल, दुसऱ्या बाजूला पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम. त्यात हवेतला ऑक्सिजन आला की क्विनोन तयार होतात, ते अमिनो आम्लांना आणि प्रोटीनला चिकटत जातात आणि तपकिरी रंग धरतो. घरात रोज बघता तुम्ही हे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तेच एन्झाइम आणि क्लोरोजेनिक आम्लही तेच. आई वांग्याच्या फोडी पाण्यात टाकते ती ऑक्सिजन अडवण्यासाठी. आणखी एक बघायचं असेल तर ताज्या हिरव्या पानाला अंगठ्याने करकचून दाबा आणि थोडा वेळ थांबा, बोटाचा ठसा तपकिरी उमटतो. जिथे पेशी फुटल्या तिथेच. कापताना, ओवताना पानं आपटली, पायाखाली आली तर हेच ठसे वाळल्यावरही दिसतात, आणि घेणारा व्यापारी ते बरोबर बघतो.

तर क्रम असा: आधी खाणं, मग हिरवं जाणं, मग मरणं, मग तपकिरी होणं, आणि सगळ्यात शेवटी मधली जाड शीर वाळणं. हा क्रम कुठे तुटला ते पानावर लिहिलेलं असतं.

पान वाचायचं कसं

हिरवे चट्टे असतील तर त्या जागची पेशी क्लोरोफिल तुटायच्या आधीच मेली. का मेली? बहुतेक वेळा हवा फार कोरडी होती, पाणी झपाट्याने गेलं. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी हवा किती कोरडी असते ते ओठ फुटण्यावरून कळतंच, त्यात चारी बाजू उघड्या म्हणजे विचारायलाच नको. दुसरं कारण थंडी. इथे केंटकीत उशिरा, ऑक्टोबरमधे टांगलेल्या मालाला हा त्रास हमखास होतो, आर्द्रता ठीक असली तरी थंडीत एन्झाइम इतके संथ चालतात की हिरवं जातच नाही. कोमेजताना कडक उन्हाचा तडाखा बसला तरी हिरवं गोठतं, आणि कच्चं पान कापलं तरीही, कारण कच्च्या पानात स्टार्च कमी भरलेलं असतं, ते म्हातारं व्हायला तयारच नसतं. एकदा असं हिरवं बसलं की ते पुरतं जात नाही. खूप जण मला विचारतात की पाणी मारून परत टांगलं तर? नाही, ती पेशी मेली, क्लोरोफिल व्यवस्थित मोडणारं यंत्रच बंद पडलं.

पिवळं-तपकिरी कबरं झालं असेल, पण हिरवं नसेल, तर हिरवं जाईपर्यंत वेळ मिळाला पण तपकिरी होण्याआधी पाणी संपलं. ही कोरडी आणि गरम हवेची खूण. साधं लक्षात ठेवा, कोरडं आणि गार असेल तर हिरवं राहतं, कोरडं आणि गरम असेल तर पिवळं राहतं. चुलतभावाच्या पानावर दोन्ही होतं आणि ते बघूनच मी त्याला विचारलं, रात्री किती थंडी होती, तर म्हणाला स्वेटरशिवाय शेडमधे थांबवत नव्हतं.

काळपट, पातळ, कागदासारखं निर्जीव पान आणि कुबट वास, हे उलट टोक. इथे त्याला हाउसबर्न म्हणतात, म्हणजे घरातल्या घरात जळालं, आग न लागता. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर आणि त्यात ऊब असली की पान मेल्यावरही पाणी आतच राहतं, ऑक्सिडेशन थांबायचं तिथे थांबत नाही, त्यात बुरशी आणि बॅक्टेरिया हात धुऊन घेतात आणि सुकं वजन भसाभसा कमी होतं. दाटीवाटीने टांगलं की हे हमखास होणारच, कारण १०० किलो हिरव्या पानात ८० ते ८५ किलो पाणी असतं, ते सगळं बाहेर यायचंय आणि ओल्या पानांच्या मधल्या फटीत हवाच हलत नसेल तर बाहेर कितीही कोरडं असो, आत पावसाळाच असतो.

पान चांगलं पण शीर फुगीर, ओली, वाकवली तर लवते आणि मोडत नाही, हा चौथा प्रकार. रंग बघून लोक फसतात आणि उतरवून ढीग लावतात. त्याबद्दल शेवटी सांगतो.

एक खात्री करायची पद्धत मला फार आवडते, शाळेत केलेली असेल तुम्ही. शेडमधलं एक पान आणा, गरम पाण्यात मिनिटभर उकळा, मग स्पिरिटमधे घालून ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा (स्पिरिट थेट आगीवर ठेवू नका, भडका उडतो), पान पांढरं पडलं की त्यावर आयोडीनचे थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च अजून शिल्लक, म्हणजे पानाचं खाणं संपलेलं नाही, घाई करू नका. मी पहिल्या वर्षी टांगल्यापासून दर दोन दिवसांनी असं करून पानं वहीत चिकटवत गेलो. सुरुवातीचं पान शाईत बुडवल्यासारखं आणि पुढे फिकट फिकट होत शेवटी नुसता आयोडीनचा पिवळट रंग. जे पुस्तकात वाचलं होतं ते तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

मग करायचं काय

सगळ्यात आधी शंभर-दोनशे रुपये किंवा जे काय पडेल ते खर्च करून हवेतली आर्द्रता मोजणारा एक हायग्रोमीटर घ्या आणि तो दारात नाही, पानांच्या मधोमध टांगा. दारातला आकडा बाहेरचं हवामान सांगतो, पानाला आत जे भोगावं लागतं ते नाही. आर्द्रतेची दिवस-रात्रीची सरासरी ६५ ते ७५ टक्क्यांत राहिली पाहिजे आणि तापमान साधारण १६ ते ३२ अंशांत. सरासरी म्हणतोय. रात्री ९० गेलं आणि दुपारी ५० आलं तर बिघडत नाही, उलट इथल्या बार्नमधे रोज तसंच होतं. सतत दोन-तीन दिवस एकाच टोकाला राहिलं की मग बिघडतं.

पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात नाजूक. या काळात दिवसातून दोन वेळा आकडा बघा आणि पानाला हात लावा. खालच्या थरातलं पान लोंबकळलेलं, मऊ, थंडगार लागलं पाहिजे. चुरचुरीत लागलं तर पाणी फार वेगात चाललंय.

आपल्याकडच्या हिवाळ्यात कोरडेपणाशीच झुंज जास्त आहे, म्हणून पहिले दहा-बारा दिवस शेडच्या बाजू गोणपाट नाहीतर ताडपत्रीने झाका, वाऱ्याच्या बाजूची आधी. जमिनीवर पाणी शिंपडा, गोणपाट ओलं ठेवलं तरी चालतं, पण पानावर थेट पाणी मारू नका. रात्री थंडी असेल तर बाजू बंदच ठेवा म्हणजे दिवसाची ऊब टिकते. एखाद्या दुपारी फारच भकभक ऊन असेल तर काठ्या थोड्या जवळ सरकवा, पानं एकमेकांना ओल देतात. पूर्ण पान पिवळं झालं, कडा तपकिरी व्हायला लागल्या की हळूहळू बाजू उघडा, काठ्या लांब करा. आधी बंद, मग उघडं. चुलतभावाने पहिल्या दिवसापासून उघडं ठेवलं आणि दोन वर्षांपूर्वी शेवटपर्यंत बंद ठेवलं, दोन्हीत चूक एकच होती, पान कुठल्या टप्प्यावर आहे ते न बघता हवा ठरवली.

पावसाळी हवा आली तर याच्या उलट. काठ्यांमधे कमीत कमी १५ सेंटिमीटर अंतर पाहिजे, खाली जागा मोकळी पाहिजे आणि वर छपराशी गरम दमट हवा निघायला वाट पाहिजे. टांगण्याआधी तीन-चार दिवस माल कोमेजू दिला असेल तर बरंच पाणी बाहेरच जातं आणि आतला भार हलका होतो, म्हणून पावसाच्या भीतीने ओलाचिंब हिरवा माल थेट टांगणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्यातून टांगावाच लागला तर नेहमीच्या निम्म्यानेच टांगा. पंखा लावता आला तर लावा, पण बाहेर पाऊस चालू असताना बाहेरची हवा आत ओढू नका, आतल्या आत फिरवा.

काही जण शेगड्या पेटवतात. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे: २० अंशाची ९० टक्के दमट हवा फक्त २५ अंशांपर्यंत तापवली तर तीच हवा ६६ टक्क्यांवर येते, पाच अंशांत एवढा फरक. पण वाळलेला तंबाखू आणि लाकडी शेड यांच्याखाली उघडी आग म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, कोंडलेल्या शेडमधे कार्बन मोनॉक्साइडने माणूस जाऊ शकतो, आणि गॅसची शेगडी जळताना स्वतः पाण्याची वाफही सोडते. शिवाय त्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड पानात मुरतात आणि त्यातून नायट्रोसामाइन नावाची घातक रसायनं वाढतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगतोच. मी स्वतः उघड्या आगीच्या बाजूने नाही.

शेतातच झालेल्या चुका

शेडमधे सगळं बरोबर करूनही माल बिघडत असेल तर शेतात मागे जा. युरिया जास्त पडलेलं पान जाड, गर्द हिरवं राहतं, ते पिवळं व्हायला कितीतरी जास्त दिवस घेतं आणि त्यात नायट्रेट भरपूर साठतं. शेंडा वेळेवर खुडला नाही, फुटवे काढले नाहीत तर वरची पानं पिकतच नाहीत.

आणि क्लोराइड. हे फार कमी लोक लक्षात घेतात. विहिरीचं पाणी मचूळ असेल किंवा पोटॅश म्हणून म्युरिएट (म्हणजे पोटॅशियम क्लोराइड) दिलं असेल तर पानात क्लोराइड चढतं, एक टक्क्याच्या वर गेलं की पान मिठासारखं हवेतली ओल ओढतं, पावसाळी हवेत पापड सादळावा तसं सादळतं, नीट वाळत नाही, रंग मळकट येतो आणि जळायलाही अडतं. पोटॅश सल्फेटच्या रूपात द्या. पाण्याची तपासणी एकदा तरी करून घ्या.

हे फक्त रंगाचं प्रकरण नाही

इथे थोडं थांबून मनातलं बोलतो. पान मरून तपकिरी व्हायला लागतं त्या दिवसांत पेशीतला रस बाहेर झिरपतो आणि पानावरचे बॅक्टेरिया त्यावर वाढतात. ते पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि नायट्राइट निकोटिनच्या जातीच्या अल्कलॉइडशी जुळून नायट्रोसामाइन तयार होतात. एनएनएन आणि एनएनके ही त्यातली दोन, माणसाला कॅन्सर करणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ साली ती पहिल्या गटात नोंदवलेली आहेत. हिरव्या ताज्या पानात ती जवळजवळ नसतात. ती वाळवणात तयार होतात आणि दमट, कोंदट शेडमधे जास्त तयार होतात. काही झाडांत तर एक जनुक, सीवायपी८२ई४, पान म्हातारं होताना जागं होतं आणि निकोटिनचं नॉरनिकोटिन करतं, त्यातून एनएनएन आणखी वाढतं, म्हणून केंटकीत आता असं रूपांतर कमी करणारं निवडलेलं बियाणंच वापरतात.

वाळवण उत्तम झालं म्हणून तंबाखू निर्धोक होत नाही, असं मी कुणाला कधीच सांगणार नाही. पण माझ्या भागातली हजारो घरं या पानावर जगली आहेत, वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघितल्या आहेत, त्यांच्या पदरातून, केसांतून तो वास कधी गेलाच नाही, आणि जो विषारीपणा आपल्या निष्काळजीपणाने वाढतो तो तरी आपण वाढवू नये असं मला मनापासून वाटतं. तसंच ओल्या पानांचं. पहाटेच्या दवात भिजलेला हिरवा माल उघड्या हातांनी, उघड्या पोटऱ्यांनी उचलला की निकोटिन कातडीतून अंगात जातं, चक्कर, मळमळ, उलटी, डोकं गरगरणं. ऊन लागलं म्हणून त्यावर पाणी पाजतात, पण ते ऊन नसतं. हातमोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट, भिजला की लगेच बदलायचा. पोरांना तर ओल्या मालाला हात लावू देऊ नका.

उतरवताना

रंग पूर्ण आला, आता उतरवू का, हा प्रश्न पान बघून नाही तर शीर मोडून सोडवायचा. वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातलं, शिवाय शेडच्या मधोमध जिथे वारं पोचत नाही तिथलं, अशी पाच-सहा पानं घ्या आणि कोरड्या दुपारी मधली शीर देठाच्या बाजूला मोडा. काडीसारखी कट् करून तुटली पाहिजे, टोकापासून देठापर्यंत. एक जरी लवली तर आणखी आठवडाभर राहू द्या. आणि मग उतरवायचं मात्र दुपारी नाही, पहाटे किंवा ढगाळ दिवशी, पान सादळून मऊ झालं की, नाहीतर हातातच भुगा होतो. मुठीत दाबून सोडलं की पान हळूहळू उलगडलं पाहिजे. दाबलेलं तसंच गोळा राहिलं तर ओल जास्त आहे, चुरा झाला तर कमी.

चुलतभावाला मी यंदाचा माल लगेच वेगळा करायला सांगितलाय, हिरवे चट्टेवाला एकीकडे आणि नुसता कबरा एकीकडे, एकत्र केला तर चांगल्याचीही किंमत जाते. अजून टांगलेल्या दोन रांगांभोवती त्याने परवा गोणपाट बांधलं, काल आकडा ३८ वरून ६१ वर आला असं त्याचा मेसेज आला, आणि त्या रांगांत जी पानं अजून मऊ आहेत तेवढी तरी हाती लागतील असं वाटतंय.

ढीग लावल्यावर पहिले आठ दिवस रोज कोपरापर्यंत हात ढिगात घाला. गार लागलं तर झोपा निवांत. कोमट लागलं तर आत राहिलेल्या ओलीने ढीग तापायला लागलाय, त्याच रात्री तो मोडा, सकाळची वाट बघू नका.